डबा विकला, आता ऑइल परत घ्या

धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरला सटाण्याकडून या की नवापूरकडून, घाट चुकत नाही. इकडे शेलबारी, तिकडे चरणमाळ. कांद्याचे ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, दाटीवाटीनं माणसं भरलेल्या जीपा, भाजीपाल्याच्या पिकअप, सगळे इंजिन तापवतच हे चढ चढतात. त्यामुळे गावाच्या रस्त्यांना गॅरेजं आहेत आणि गॅरेजांना काम आहे. गॅरेज म्हटलं की ऑइल बदलणं आलं. नवं सोनेरी ऑइल डब्यातून इंजिनात जातं. जुनं काळंकुट्ट ऑइल, चेंबरचा नट काढला की, खाली ठेवलेल्या कापलेल्या कॅनमध्ये उतरतं. नव्या ऑइलचे पैसे आपण घासाघीस करून देतो. जुन्याचं पुढे काय झालं, हे गाडीचा मालक विचारत नाही, ऑइल विकणारी कंपनी विचारत नाही आणि नगरपरिषदही विचारत नाही.

विचारायला हवं, कारण हे चमचाभर ऑइलचं प्रकरण नाही. मोटारसायकलीत जेमतेम लीटरभर ऑइल बसतं. जीप-पिकअपमध्ये पाच-सहा लीटर, ट्रॅक्टरच्या इंजिनात सात ते दहा, मोठ्या ट्रकमध्ये त्याहून बरंच जास्त. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिकचं ऑइल वेगळं, काही ट्रॅक्टरांत ते चाळीस लीटरच्या घरात जातं. एका साध्या दुचाकीच्या गॅरेजात दिवसाला पाच गाड्यांचं ऑइल बदललं असं धरा. महिन्याला सव्वाशे ते दीडशे लीटर काळं ऑइल झालं. दोनशे लीटरचं बॅरल दीड-दोन महिन्यांत भरलं. असं एक गॅरेज, अशी एका गावात किती, अशी गावं साक्री तालुक्यात किती, गुणाकार ज्याचा त्यानं करावा. देशात वर्षाला चाळीस लाख टनांच्या आसपास वंगण तेल आणि ग्रीस खपतं. त्यातलं काही इंजिनात जळतं, काही गळतं, पण मोठा भाग पुन्हा नट काढून खालीच येतो.

त्या काळ्या ऑइलमध्ये काय असतं? इंजिनाची काजळी असते. झिजलेल्या बेअरिंगचं, पिस्टनचं, रिंगांचं लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम असतं. न जळलेलं पेट्रोल-डिझेल, पाण्याचा अंश आणि आम्ल असतं. नव्या ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी घातलेलं जस्त आणि फॉस्फरस असतं. आणि इंधन जळताना तयार होणारी, कर्करोगाशी नातं असलेली संयुगं असतात. इंजिन ऑइलच्या बहुतेक कंपन्या आपल्या मालाचं एक सुरक्षा-पत्रक काढतात. वापरलेल्या ऑइलमुळे प्रयोगातल्या उंदरांना त्वचेचा कर्करोग झाला, त्यामुळे ते वारंवार आणि दीर्घकाळ अंगाला लागू देऊ नका, असा इशारा या पत्रकांत बहुधा असतोच. पत्रक इंग्रजीत असतं आणि कंपनीच्या संकेतस्थळावर असतं. ज्या पोराच्या कोपरापर्यंत ते ऑइल रोज ओघळतं, त्याच्यापर्यंत ते कधीच पोचत नाही.

हे पोर पाहा. दहावीनंतर गॅरेजला लागलेलं, शेंडवडकडच्या एखाद्या पाड्यावरून रोज येणारं. हातमोजे नाहीत. ऑइलनं माखलेलं फडकं दिवसभर पँटच्या खिशात, म्हणजे दिवसभर मांडीला चिकटलेलं. संध्याकाळी हात धुवायचे ते पेट्रोलनं किंवा डिझेलनं, कारण साबणानं काळं निघत नाही. पेट्रोल कातडीचं नैसर्गिक तेल काढून घेतं, मग भेगा पडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भेगांतून काळं ऑइल आत जातं. डॉक्टरकडे गेलं की मलमाची ट्यूब मिळते. कारण तसंच राहतं. नायट्राइलच्या हातमोज्यांचा एक खोका औषधाच्या दुकानात काही शे रुपयांना मिळतो. ऑइलच्या एजन्सीकडून गॅरेजवाल्याला भिंतीवरचं घड्याळ मिळतं, टी-शर्ट मिळतो, कंपनीचा बोर्ड फुकट रंगवून मिळतो. हातमोजे का मिळू नयेत? ही मागणी मी गंभीरपणे करतो आहे. जाहिरातीच्या खर्चातला थोडासा भाग त्या पोरांच्या हातांवर खर्च करा.

आता ते बॅरल. भरलं की कुठे जातं? कुठल्याही गॅरेजवर विचारा, अहिराणीत उत्तर येतं, “ते भंगारवाला लई जास, भाऊ.” आणि हे खरंही आहे. गॅरेजवाला शहाणा आहे. ज्याचे चार पैसे येतात ते तो गटारीत ओतत नाही. जुन्या ऑइलचा धंदा आपल्याकडे कायद्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. म्हणून ‘गॅरेजवाले प्रदूषण करतात’ असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. भंगारवाला ते कुणाला देतो? तिथून पुढे वाटा फुटतात आणि त्यातल्या बहुतेक वाईट आहेत.

एक वाट भट्टीची. डांबर तापवायला, विटा भाजायला, लहान कारखान्याच्या बॉयलरला हे ऑइल स्वस्त जळण म्हणून जातं. उघड्या, कमी तापमानाच्या भट्टीत ते जळलं की त्यातले धातू नाहीसे होत नाहीत, धुरातून आणि राखेतून बाहेर येतात. दुसरी वाट सेंटरिंगची. स्लॅब टाकण्याआधी प्लेटांना हेच ऑइल फासतात, म्हणजे प्लेट सहज सुटते. वास्तविक त्यासाठी वेगळं शटरिंग ऑइल बाजारात मिळतं. काळं ऑइल प्लेट सोडवतं हे खरं, पण स्लॅबला डाग पाडतं, पुढे प्लास्टर नीट धरू देत नाही, आणि ते हातानं फासणाऱ्या बाईच्या अंगावर तेच विष जातं. तिसरी वाट शेतातली: लाकडी खांबाला वाळवी लागू नये म्हणून बुडाला ऑइल, विहिरीवरच्या चेनला ऑइल, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडलेलं ऑइल. पहिल्या पावसात हे सगळं मातीत आणि नाल्यात.

आणखी एक वाट आहे, ती सांगताना राग येतो. खरूज झालेल्या कुत्र्याच्या अंगावर जळकं ऑइल ओततात. औषध म्हणून! कुत्रं अंग चाटतं, ऑइल पोटात जातं, कातडी आणखी भाजते, जनावर हाल होऊन मरतं. खरजेवर पशुवैद्यकाकडे साधं औषध असतं. ज्याच्या घरी किंवा गॅरेजात हे चालतं त्यानं ते आजपासून बंद करावं.

सगळ्यात नफ्याची वाट बनावट ऑइलची. काळं ऑइल गाळायचं, आम्ल आणि माती वापरून त्याचा रंग उजळवायचा, नामांकित कंपनीच्या जुन्या डब्यात भरायचं आणि नवं म्हणून विकायचं. रंग सोनेरी होतो, गुण परत येत नाहीत. ज्या शेतकऱ्यानं दोन पैसे वाचवायला हा डबा घेतला, त्याचं ट्रॅक्टरचं इंजिन हंगामाच्या ऐन मध्यात बसतं आणि दोष मेकॅनिकवर येतो. म्हणून ऑइल ओतून झालं की रिकामा डबा आपल्या डोळ्यांसमोर भोसकून किंवा चेपून घ्यायचा. मेकॅनिकला वाईट वाटायचं कारण नाही. प्रामाणिक मेकॅनिक तो आपणहून भोसकून देतो.

आणि या सगळ्या वाटांच्या पलीकडे एक चांगली वाट आहे. इंजिन ऑइलचा मुख्य भाग म्हणजे मूळ खनिज तेल. ते वापरानं मळतं, पण बहुतांशी टिकून राहतं. संपतात ती त्यात मिसळलेली रसायनं, आणि वाढते ती घाण. म्हणून जुनं ऑइल आधी तापवून त्यातलं पाणी आणि पेट्रोल-डिझेल उडवतात. मग निर्वात पात्रात त्याचं ऊर्ध्वपातन करतात. निर्वात अशासाठी की हवेच्या नेहमीच्या दाबाखाली इतकं तापवलं तर तेलच फुटून जाईल. दाब कमी केला की ते कमी उष्णतेत वाफ होऊन वर येतं आणि घाण तळाशी राहते. शेवटी विशिष्ट मातीतून गाळून किंवा हायड्रोजनची प्रक्रिया करून ते स्वच्छ करतात. हातात येतं ते पुन्हा वंगण बनवता येईल असं तेल. जुन्या पद्धतीत गंधकाम्ल वापरायचे. त्यातून उरणारा आम्लाचा चिखल कुठे टाकायचा हा नवा घोर लागायचा, म्हणून ती पद्धत आता मान्य नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा हिशेब असा की वापरलेल्या एक लीटर ऑइलमधून साधारण सहाशे मिलिलीटर चांगलं वंगण परत मिळतं. तेवढंच वंगण जमिनीतल्या कच्च्या तेलातून काढायचं तर बेचाळीस लीटर कच्चं तेल लागतं. आपण कच्चं तेल परदेशातून विकत घेतो. इथलं काळं ऑइल भट्टीत घालणं म्हणजे विकत घेतलेल्या मालाची राख करणं आहे.

मग ही चांगली वाट पिंपळनेरपर्यंत का येत नाही? इथे मला त्याच गॅरेजातली दुसरी वस्तू दाखवायची आहे: जुनी बॅटरी. कोपऱ्यात पडलेली मेलेली बॅटरी कुणी फेकून दिलेली पाहिली आहे का? नाही. नवी बॅटरी घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, “जुनी आणली का?” जुनी दिली की बिलातून पैसे कमी होतात. यामागे शिशाची किंमत आहे आणि 2022 पर्यंत लागू असलेला 2001 चा बॅटरीचा नियमही आहे. विकणाऱ्यानं जुनी बॅटरी परत घ्यायची, असं त्या नियमानं ठरवून दिलं. बॅटरीच्या बाबतीत जे खेड्यातल्या दुकानापर्यंत पोचलं, ते ऑइलच्या बाबतीत का पोचू नये? गाव तेच, दुकान बऱ्याचदा तेच, गिऱ्हाईकही तेच.

कायदा नाही, असंही नाही. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचरा म्हणून नोंदलेलं आहे. ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं, साठवायचं तर नव्वद दिवसांपर्यंत, कुठल्या गाडीतून कुठे गेलं याची कागदपत्रं ठेवायची. साक्री तालुक्यातच ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांच्या गिअरबॉक्समध्येही ऑइल असतं. तिथल्या कंपन्यांना या नियमांप्रमाणे हिशेब ठेवावा लागतो. खाली गावातल्या पत्र्याच्या शेडमधल्या गॅरेजवाल्याला असा काही नियम आहे हेच कुणी सांगितलेलं नाही. कसं सांगणार? त्याच्याकडे फार तर एक बॅरल, तेही दोन महिन्यांनी भरणारं. नोंदणी असलेला कारखानदार एका बॅरलसाठी घाट चढून टेम्पो पाठवत नाही. भंगारवाला मात्र दारात येतो, रोख देतो. ज्याची गाडी दारात येते त्याच्याकडे माल जातो. पिंपळनेरचा कांदाही याच नियमानं चालतो.

मग 18 सप्टेंबर 2023 ला केंद्र सरकारनं त्याच नियमांत दुरुस्ती काढली आणि 1 एप्रिल 2024 पासून ती लागू झाली. आता वंगण बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जबाबदारी आहे. त्यांनी बाजारात आणलेल्या तेलाच्या प्रमाणात वापरलेल्या तेलावर पुनर्प्रक्रिया झाली पाहिजे. सुरुवात 5 टक्क्यांपासून, पुढे वर्षावर्षानं चढत 50 टक्क्यांपर्यंत. तेल गोळा करणाऱ्या एजंटांनाही नोंदणी करता येते. दुरुस्ती चांगली आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. जो विकतो त्यानं निस्तरायचं, हे तत्त्व बरोबर आहे.

पण या व्यवस्थेला एक भोक आहे, आणि ते नेमकं पिंपळनेरएवढं आहे. पुनर्प्रक्रिया करणारा कारखाना जेवढं तेल शुद्ध करतो, तेवढी प्रमाणपत्रं त्याला मिळतात. तेल कंपनी ती प्रमाणपत्रं विकत घेते आणि आपला टक्का भरते. आता कारखान्याच्या मालकाच्या जागी उभे राहा. त्याला तेल कुठून आणणं परवडेल? औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यातून, जिथे एका फेरीत टँकर भरतो. शहरातल्या मोठ्या सर्व्हिस सेंटरमधून. म्हणजे कंपनीचा टक्का प्रामाणिकपणे भरला जाईल, दिल्लीच्या पोर्टलवर आकडा हिरवा दिसेल, आणि खानदेशातल्या गॅरेजचं बॅरल पूर्वी जायचं तिथेच जाईल. टक्का 5 असो की 50, उरलेला भाग कायम आपल्यासारख्या गावांचाच राहील. ऑइलचा डबा मात्र पाड्यापाड्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचतो. विकायला रस्ता सापडतो, परत न्यायला सापडत नाही, हे मी मान्य करणार नाही. डबे घेऊन आलेला टेम्पो परत रिकामाच जातो ना?

हे जमणार नाही म्हणणाऱ्यांसाठी दोन देशांची उदाहरणं. जर्मनीत इंजिन ऑइल विकणाऱ्या दुकानदारानं, गिऱ्हाइकानं जेवढं ऑइल विकत घेतलं तेवढं वापरलेलं ऑइल फुकट परत घ्यायचं, असा नियम 1980 च्या दशकापासून आहे. इटलीत त्याच दशकात कायद्यानं एक संघ उभा केला. विकल्या जाणाऱ्या तेलावर कंपन्या त्याला वर्गणी देतात आणि त्या पैशातून डोंगरातल्या, बेटांवरच्या गॅरेजांपर्यंत गोळा करणाऱ्यांच्या गाड्या जातात. लांबच्या गावाचा वाहतूक खर्च तिथे सगळ्यांत वाटला जातो. आज गोळा झालेलं जवळपास सगळं तेल तिथे पुन्हा वंगण बनतं. इटलीतही डोंगर आहेत, लहान गॅरेजं आहेत. चरणमाळ घाट काही आल्प्सपेक्षा अवघड नाही.

आपल्याच राज्यात काय झालं होतं, तेही आठवावं. वंगण तेल म्हणून कागद रंगवून परदेशातलं टाकाऊ तेल न्हावा शेवा बंदरात उतरवलं गेलं होतं. त्याचे 133 कंटेनर तिथे पडून होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 5 जानेवारी 2005 ला न्यायालयानं ते तेल भट्टीत जाळून नष्ट करण्याचा, आणि त्याचा खर्च आयात करणाऱ्यांकडून घेण्याचा आदेश दिला. परदेशातून आलेल्या काळ्या तेलासाठी देशाचं सर्वोच्च न्यायालय जागं राहिलं. देशात रोज निघणाऱ्या काळ्या तेलासाठी निदान तालुका जागा राहावा, एवढं मागणं जास्त नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण पिंपळनेरला हा विषय पाण्यापासून वेगळा करता येत नाही. पांझरा इथेच वर, सह्याद्रीच्या डोंगररांगेत उगम पावते. वर लाटीपाडा धरण, मग पिंपळनेर, मग साक्रीच्या बाजूला कान नदी मिळते, मग अक्कलपाडा धरण, मग धुळे शहर, आणि शेवटी मुडावदला कपिलेश्वराच्या पायाशी तापी. म्हणजे पिंपळनेरच्या नाल्यात जे पडतं ते धुळ्याच्या दिशेनं निघालेलं असतं. अक्कलपाड्याचं पाणी धुळेकर पितात. अमेरिकेची तीच पर्यावरण संरक्षण संस्था सांगते की एका गाडीच्या एका ऑइल बदलातून निघालेलं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे अडतीस लाख लीटरच्या आसपास, गोडं पाणी नासवू शकतं. तेल पाण्यावर पातळ पापुद्रा होऊन पसरतं, हवा पाण्यात मिसळू देत नाही, आणि त्यातले धातू गाळात बसतात. विहिरीत उतरलं तर वास आणि चव वर्षानुवर्षं जात नाही.

आणि ही पांझरा म्हणजे फडांची पांझरा. नदीवर ठिकठिकाणी बंधारे घालून, शेताचे फड पाडून, कुठल्या फडात यंदा ऊस आणि कुठल्यात गहू हे सगळ्यांनी मिळून ठरवून, पाण्याची पाळी लावून शेती करण्याची पद्धत इथे शेकडो वर्षं चालली. सरकार नव्हतं तेव्हापासून. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, पाटातला गाळ काढायला घरटी माणूस. पुढे 1884 च्या सुमाराला तरुण विश्वेश्वरय्या खानदेशात नोकरीला आले तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक होतं याच पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बांधणं. ज्या खोऱ्यानं एका पाटाच्या पाण्याचा हिशेब घराघराला वाटून पाळला, त्याला गॅरेजांच्या बॅरलांचा हिशेब पाळणं अवघड आहे, हे मला पटत नाही.

तर काय करायचं, ते सरळ सांगतो.

पिंपळनेरला आता नगरपरिषद आहे. तिनं गावात एक पक्की, छपराची, सिमेंटच्या तळाची जागा द्यावी. तळाला कठडा असावा, म्हणजे सांडलं तरी बाहेर जाणार नाही. तिथे गावातल्या आणि आसपासच्या गॅरेजांनी बॅरल आणून ठेवायचं, वहीत लीटर लिहायचे. एका गॅरेजचं बॅरल टेम्पोला परवडत नाही, तीस गॅरेजांची बॅरलं एकत्र आली की टँकरलाही परवडतात. मग सौदा गॅरेजवाल्यांच्या संघटनेनं करायचा, नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याशी, रोखीनं. भंगारवाल्याला या साखळीतून हाकलू नका. गल्लीगल्लीतून गोळा करायचं त्याच्याइतकं कसब कुणाकडे नाही. त्यालाच नोंदणी करून द्या, ओळखपत्र द्या, गोळा करणारा एजंट करा. आज तो लपूनछपून करतो तेच काम उद्या पावती देऊन करेल. प्रदूषण नियंत्रण मंडळानं नोटीस घेऊन येण्याआधी एकदा मराठीत छापलेला कागद घेऊन यावं आणि गॅरेजागॅरेजात बसून समजावून सांगावं.

गॅरेजवाल्या दादांनो, तुमच्याकडे काही गोष्टी मागायच्या आहेत. इंजिनाचं ऑइल वेगळ्या, झाकणाच्या बॅरलमध्ये ठेवा. त्यात ब्रेक ऑइल, कूलंट, पेट्रोल किंवा धुण्याचं डिझेल ओतू नका. मिसळलेलं ऑइल शुद्ध करणं अवघड होतं आणि त्याचा भाव पडतो, म्हणजे नुकसान तुमचंच. जुना फिल्टर लगेच कचऱ्यात टाकू नका. भोक पाडून रात्रभर उलटा ठेवा, त्यातही बरंच ऑइल असतं. सांडलं तर पाण्यानं गटारीत लोटू नका. वाळू किंवा भुसा टाका आणि तो वेगळा भरून ठेवा. आणि त्या पोराला हातमोजे आणून द्या. कंपनीकडून मिळेपर्यंत स्वतःच्या पैशानं.

शेतकरी भावांना एवढंच: घरी ट्रॅक्टरचं, डिझेल इंजिनाचं ऑइल स्वतः बदलता तेव्हा ते बांधावर ओतू नका. त्याच कॅनमध्ये परत भरा आणि पुढच्या बाजाराला गॅरेजवर नेऊन द्या.

सगळ्यात मोठी मागणी मात्र ऑइल कंपन्यांकडे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. टक्क्यांचा हिशेब जिल्ह्यानुसार द्या. धुळे जिल्ह्यात किती लीटर विकलं आणि किती लीटर परत घेतलं, हे दरवर्षी जाहीर करा. जिथे विक्री आहे तिथे परतीची सोय नसेल, तर ते प्रमाणपत्र अपुरं धरा. लांबच्या तालुक्यातून गोळा केलेल्या तेलाला जास्त मोल द्या, म्हणजे कारखान्याला घाट चढणं परवडेल. डब्याच्या किमतीत काही रुपये परतीचे म्हणून धरा आणि जुनं ऑइल आणणाऱ्याला ते मोजून द्या. बॅटरीला जमलं तेच ऑइलला करा. जिल्ह्याच्या खासदारांनी आणि साक्रीच्या आमदारांनी हा प्रश्न सभागृहात विचारावा. रस्त्यांसाठी विचारतात, त्याच रस्त्यांवरच्या गाड्यांचं हे ऑइल आहे.

आणि तुम्ही, वाचणारे, गाडी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा दोन गोष्टी करा. नव्या ऑइलचा रिकामा डबा समोर भोसकून घ्या. आणि जुनं ऑइल कोणत्या बॅरलमध्ये जातं, ते कोण नेतो आणि त्याच्याकडे नोंदणी आहे का, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या वेळी पुन्हा विचारा.